राखणीचा हिशेब

फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तांत वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, चेंडू त्याच्याकडे कोणी दिला, याची नोंद त्यात असते. जो गोल झालाच नाही, त्याची नोंद बहुधा नसते. आणि तो ज्याने होऊ दिला नाही, त्याचे नाव आलेच तर शेवटच्या दोन ओळींत येते. अकरा जणांच्या संघात गोलरक्षक हा एकटाच असा खेळाडू, की ज्याच्या वहीत जमेचा रकानाच नाही. नव्वद मिनिटांत त्याने दहा चेंडू अडवले आणि अकरावा जाळीत गेला, तर प्रेक्षक अकराव्याचीच चर्चा करीत घरी परततात.

ही वही ज्यांनी विलक्षण स्वच्छ ठेवली, अशा मोजक्या भारतीय खेळाडूंत गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे नाव घ्यावे लागते. आपल्या घरांतील मुले आज मेस्सी आणि रोनाल्डो यांचे गोल तारखांसकट सांगतात. शंखवाळकर कोण, असे विचारले तर ती एकमेकांकडे पाहतात. त्यात त्यांचा दोष नाही. मोठ्यांनीच त्यांना कधी सांगितलेले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम त्या कामाचे स्वरूप पाहू. दोन खांबांमधील अंतर आठ यार्ड, म्हणजे चोवीस फूट. आडव्या दांडीची उंची आठ फूट. एकूण एकशे ब्याण्णव चौरस फुटांची ही चौकट. मुंबईच्या चाळीतील एका खोलीहून थोडी मोठीच जागा एका माणसाने दोन हातांनी राखावयाची. पेनल्टी किक बारा यार्डांवरून मारली जाते आणि जोरकस फटका अर्ध्या सेकंदाच्या आसपास रेषेपाशी येऊन पोचतो. चेंडू कोठे जातो हे पाहून मग झेप घेऊ म्हटले, तर झेप पुरी होण्याआधीच तो जाळीत असतो. मारणाऱ्याचा खांदा, त्याचा टेकलेला पाय, त्याची नजर यांवरून एका क्षणात निर्णय करावा लागतो. गंमत अशी, की ही पेनल्टी किक सुचविली ती एका गोलरक्षकानेच. आयर्लंडचे विल्यम मॅकक्रम हे स्वतः गोलरक्षक होते आणि त्यांच्या सूचनेवरून १८९१ साली हा नियम फुटबॉलमध्ये आला.

परंतु झेप घेणे हा या कामाचा सर्वांना दिसणारा आणि त्यातल्या त्यात लहान भाग आहे. खरा गोलरक्षक झेप घेण्याची वेळ शक्यतो येऊच देत नाही. आघाडीवीर चेंडू घेऊन धावत येत असता तो योग्य क्षणी दोन-चार पावले पुढे सरकतो. त्यामुळे मारणाऱ्याला दिसणारी जाळी आपोआप लहान होते. कॉर्नरच्या वेळी कोणत्या खांबापाशी कोणी उभे राहावे हे तोच ठरवितो. सगळे मैदान समोरून दिसणारा संघातला तो एकमेव माणूस. म्हणून त्याचा आवाज हे त्याचे मोठे साधन. बचावपटूंना हाका मारून त्याने जागेवर आणले, की फटका बसतच नाही आणि प्रेक्षकांना वाटते, आज गोलरक्षकाला काही कामच नव्हते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. आमच्या सेमिनरीत संध्याकाळचा एक तास खेळासाठी राखलेला असे. माझी नेमणूक उजव्या बगलेच्या बचावपटूची. बचावपटूला आपला गोलरक्षक सहसा दिसत नाही, कारण तो पाठीमागे असतो. तो फक्त ऐकू येतो. आमचा गोलरक्षक गोव्याचा. खेळताना तो कोकणीतून ओरडे आणि आठवडाभरात आम्हा नगर-जालन्याकडच्या मुलांना तेवढी कोकणी समजू लागली. पाठीमागून एक माणूस सतत आपली काळजी वाहतो आहे, ही जाणीव किती धीर देणारी असते, ते मी त्या मैदानावर अनुभवले. ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव मी प्रथम ऐकले तेही याच सहाध्याय्याच्या तोंडून. त्याच्या लेखी जगात गोलरक्षक दोनच होते. एक ब्रह्मानंद आणि दुसरा तो स्वतः.

गोव्यात हा खेळ कसा रुजला, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे ब्रिटिश धर्मगुरू प्रकृती सुधारण्यासाठी शिवोली गावी आले आणि त्यांनी तेथे फुटबॉल आणला, असे सांगितले जाते. पुढे शाळांतून, चर्चच्या पटांगणांतून आणि भातकापणी झालेल्या शेतांतून तो गावोगाव पसरला. गावाचा संघ ही गावाची अब्रू ठरली. १९६१ साली गोवा पोर्तुगिजांच्या सत्तेतून मुक्त झाला आणि तेथील खेळाडूंना भारतीय स्पर्धांची दारे खुली झाली. खाणमालक वासुदेव साळगावकर यांच्या नावाने चालणारा साळगावकर क्लब १९५६ सालीच वास्को येथे उभा राहिला होता. तरीही देशाच्या फुटबॉलमध्ये त्या काळी शब्द चाले तो कलकत्त्याचा. गोव्याचा खेळाडू गुणी खरा, पण मोठ्या सामन्यात टिकायचा नाही, अशी एक समजूत होती.

अशा काळात, ६ मार्च १९५४ रोजी जन्मलेला ताळगावचा हा हिंदू मुलगा गोलखांबांमध्ये उभा राहिला. आरंभी तो पनवेल स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळला. हे पनवेल आपल्या रायगड जिल्ह्यातले नव्हे, तो क्लब गोव्यातलाच. १९७०च्या दशकात तो साळगावकर क्लबमध्ये आला आणि सुमारे दीड तप तेथेच राहिला. एका क्लबसाठी इतकी वर्षे खेळणे आजच्या बोलीच्या आणि बदलीच्या दिवसांत नवलाचे वाटेल. गोलरक्षकाच्या बाबतीत या स्थैर्याला निराळे मोल आहे. त्याचा आवाज बचावपटूंच्या कानांत मुरावा लागतो आणि तो एका मोसमात मुरत नाही.

येथे गोलरक्षकाच्या नशिबातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. संघात आघाडीवीर दोन-तीन असतात, मध्यरक्षक तीन-चार असतात. एकाला जागा मिळाली नाही तर दुसरीकडे सामावून घेता येते. गोलरक्षकाची जागा एकच. त्या पिढीत भास्कर गांगुली, शिबाजी बॅनर्जी, अतनू भट्टाचार्य यांच्यासारखे एकाहून एक सरस बंगाली गोलरक्षक होते. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताचे कर्णधारपद भास्कर गांगुली यांच्याकडेच होते. त्यांच्या बरोबरीने स्वतःला सिद्ध करणे, ज्या दिवशी बाकावर बसावे लागेल त्या दिवशीही अंग तापवून तयार राहणे आणि बोलावणे आले की काल खेळल्यासारखे उभे राहणे, ही तपश्चर्या होती. ब्रह्मानंद यांनी ती केली. १९८३ ते १९८६ या काळात भारताचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले.

त्यांच्या कीर्तीचा कळस मात्र गोव्याच्या संघाबरोबरचा आहे. संतोष करंडक ही राज्यांची स्पर्धा १९४१ साली सुरू झाली. १९८२-८३च्या मोसमात गोवा आणि बंगाल यांची अंतिम गाठ कलकत्त्यातच पडली. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, पुन्हा खेळविला तोही गोलशून्य राहिला आणि करंडक दोघांत विभागून द्यावा लागला. बंगालच्या अंगणात बंगालला गोल करू दिला नाही, ही गोष्ट गोव्याला ठाऊक होती. तरीही अर्धा करंडक तो अर्धाच. पुढच्याच मोसमात, मद्रास येथे, ब्रह्मानंद यांच्या नेतृत्वाखाली गोव्याने अंतिम सामन्यात पंजाबला एक विरुद्ध शून्य असे नमविले आणि पहिल्यांदाच संपूर्ण करंडक आपल्या घरी नेला. साऱ्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही.

वाचकहो, या शून्यापाशी क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. गणितात शून्य म्हणजे काही नाही. येथे मात्र हे शून्य कितीतरी तासांच्या जागरूकतेतून घडलेले आहे. प्रत्येक सामन्यात कोठला तरी आघाडीवीर मोकळा सुटला असेल, पावसाने जड झालेला वा उन्हाने हलका झालेला चेंडू अवचित वळला असेल, शेवटच्या दहा मिनिटांत पाय जड झाले असतील. त्या प्रत्येक वेळी कोणी तरी जागे होते. पंजाबविरुद्धचा तो एक गोल ज्यांनी पाहिला त्यांना तो आठवतो. परंतु त्या एका गोलाला करंडकाची किंमत आली ती दुसऱ्या बाजूच्या शून्यामुळे. शून्य नसते, तर एक पुरला नसता.

त्या संघाकडे पाहून माझे मन आणखी एका कारणाने भरून येते. गोव्यातील फुटबॉलच्या मैदानावर ख्रिस्ती तरुणांची संख्या नेहमीच मोठी राहिली आहे. त्यांच्या पाठीशी राखणीला उभा होता शंखवाळकर घराण्यातला हिंदू मुलगा, आणि पुढे तोच त्यांचा नायक झाला. पाठीमागून येणाऱ्या हाकेवर विश्वास ठेवताना हाक मारणाऱ्याचे देऊळ कोणते आणि चर्च कोणते, हे त्यांपैकी कोणी विचारले नसावे.

१९८८ साली साळगावकर क्लबने फेडरेशन चषक जिंकला. गोव्याच्या क्लबला हा मान प्रथमच मिळाला होता. पुढच्या वर्षी, १९८९ साली, त्यांनी तो पुन्हा मिळविला. त्या वेळी मी सेमिनरीत होतो. बातमी वर्तमानपत्रात आली त्या दिवशी गोव्याच्या सहाध्याय्यांनी जेवणघरात जो गलका केला, त्याने मौनाचा नियम पार मोडला आणि आमचे वयोवृद्ध रेक्टर पेपर हातात घेऊन स्वतःच हसत उभे राहिले.

मानसन्मान मात्र सावकाश आले. अर्जुन पुरस्कार ब्रह्मानंद यांना १९९७ साली मिळाला, त्यांचे कर्णधारपद संपून दशक उलटल्यावर. गोलरक्षक म्हणून पीटर थंगराज यांना तो १९६७ साली मिळाला होता. दोहोंमध्ये तीस वर्षांचे अंतर. पद्मश्रीची कथा याहून बोलकी आहे. फुटबॉलपटूंपैकी गोष्ठ पाल यांना ती १९६२ साली मिळाली. त्यानंतर शैलेन मन्ना, चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, भायचुंग भुतिया, सुनील छेत्री, बेंबेम देवी यांचा सन्मान झाला. कोणी बचावपटू, कोणी मध्यरक्षक, कोणी आघाडीवीर. सारे आपापल्या परीने थोर. गोलरक्षकाची पाळी आली २०२२ साली, ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या रूपाने. पहिल्या पद्मश्रीपासून साठ वर्षे गेली होती आणि ते स्वतः अडुसष्टाव्या वर्षात होते.

ही रीत केवळ आपल्या देशाची नाही. युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा सोनेरी चेंडू आजवर एकाच गोलरक्षकाला लाभला आहे. रशियाच्या लेव्ह याशिन यांना, १९६३ साली. स्कॉटलंडच्या रॉनी सिम्पसन यांची कारकीर्द तर या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी ते मोठ्या संघातून खेळले, न्यूकॅसलसाठी १९५२ आणि १९५५ असे दोनदा इंग्लंडचा एफ. ए. चषक जिंकले, तरी देशाच्या संघातून पहिला सामना खेळण्यासाठी त्यांना १९६७ साल उजाडेपर्यंत थांबावे लागले. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. त्याच वर्षी मे महिन्यात लिस्बन येथे सेल्टिक क्लबने युरोपियन चषक जिंकला, तेव्हा गोलखांबांमध्ये हेच सिम्पसन होते. ग्लासगोच्या गरीब मुलांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून वॉलफ्रिड नावाच्या मॅरिस्ट ब्रदरांनी १८८७ साली हाच क्लब स्थापन केला होता. आणि ब्राझीलच्या बार्बोझा यांचे दुःख कोणाला सांगावे? १९५० सालच्या विश्वचषकातील अखेरच्या सामन्यात उरुग्वेचा एक चेंडू त्यांच्या आणि खांबाच्या मधून आत गेला आणि २००० साली मरण येईपर्यंत लोकांनी त्यांना त्या एका गोलाचीच आठवण दिली. आयुष्यभर अडविलेल्या चेंडूंची कोणी मोजदाद केली नाही.

हे सारे मला लिहावेसे वाटले, ते आमच्या मुळशीतील एका घरामुळे. गेल्या काही वर्षांत या तालुक्याचे रूप पालटले आहे. पिरंगुटला कारखाने आले, हिंजवडीला संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि पोटापाण्यासाठी नगर-जालन्याकडून आलेली आपली अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांपैकी एका घरातील कर्ता पुरुष एका कंपनीत रात्रपाळीचा पहारेकरी आहे. त्याचा बारा वर्षांचा मुलगा वस्तीतल्या मुलांच्या संघात गोलरक्षक. एका सामन्यात त्याच्यावर तीन गोल झाले. सोबत्यांनी त्याला इतके बोलून घेतले, की पोराने हातमोजे कपाटावर फेकले आणि खेळ सोडला म्हणून जाहीर केले.

मी घरभेटीला गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, “फादर, तुम्हीच समजवा. ह्याला गोल मारायला पुढे ठेवा म्हणावं. मागं उभं राहून बोलणीच खायची असतील, तर कशाला?”

मी काही बोलण्यापूर्वी बापच बोलला. “फादर, माझं काय निराळं आहे? बारा तास जागतो. दर दोन तासांनी रजिस्टरात लिहितो, ‘सर्व ठीक’. काही झालं नाही, तर साहेब विचारतात, तू रात्रभर केलंस काय? आणि एक सायकल गेली, की नोकरी जायची वेळ.”

त्या एका वाक्यात मला शंखवाळकरांची सारी कारकीर्द दिसली. मी त्या मुलाला मद्रासच्या स्पर्धेची गोष्ट सांगितली. पोलंडमधल्या वाडोविस गावचा कॅरोल वॉयतिवा हा मुलगाही गोलरक्षक होता, ज्यू मुलांच्या संघात गोलरक्षक नसला तर तो त्यांच्याकडूनही उभा राही, आणि तोच पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाला, हेही सांगितले. मुलगा ऐकत होता, पण हातमोजे कपाटावरच राहिले. माझ्या गोष्टींपेक्षा त्याच्या बापाने जे केले, ते अधिक उपयोगी पडले. पुढच्या रविवारी सुटी घेऊन तो मुलाला हाताला धरून मैदानावर घेऊन गेला. खिशात एक लहान वही होती. मुलाने चेंडू अडविला, की हा वहीत एक रेघ ओढी. सामना दोन विरुद्ध एक असा हरला. संध्याकाळी बापाने वही मुलापुढे ठेवली. त्यात नऊ रेघा होत्या आणि खाली, सवयीच्या अक्षरात, वेळ घालून लिहिले होते, ‘सर्व ठीक’. पोराने त्या रेघा बोटाने दोनदा मोजल्या, असे त्याच्या आईने मला सांगितले.

मुळशीच्या जुन्या शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. भात निसवले, की रात्री माळ्यावर बसून रानडुकरांपासून ते राखावे लागते. पीक घरात आले म्हणजे पेरणाऱ्याचे, लावणी करणाऱ्यांचे आणि पावसाचे गुण गाइले जातात. माळ्यावर जागलेल्या म्हाताऱ्याचे नाव सहसा निघत नाही. परंतु घरातल्या बाईला ठाऊक असते, की कोठीतल्या दाण्यांत त्याच्या जागरणाचा वाटा आहे. आपल्या कुटुंबांतही अशी माणसे असतात. तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसणारी आजी, रात्रपाळीची परिचारिका, दारूकडे वळू पाहणाऱ्या भावाला गप्पांत गुंतवून घरी आणणारी बहीण. जे वाईट घडले नाही, ते त्यांच्यामुळे घडले नाही. आणि घडलेच नाही म्हणून ते कोणाला दिसत नाही.

ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी खेळातून निवृत्त झाल्यावर तरुण गोलरक्षकांना आपली विद्या दिली आणि गोव्यातील फुटबॉलच्या वाढीसाठी आपली वर्षे खर्ची घातली. म्हणजे निवृत्तीनंतरही त्यांनी राखणच केली. त्यांच्या पद्मश्रीला उशीर झाला असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण निदान ती आली. आपल्या अवतीभवतीच्या राखणदारांसाठी कोणी दिल्लीहून पदक पाठविणार नाही. त्यांची वही कोणी तरी घरातल्यानेच ठेवावयाची असते. तिला फार काही लागत नाही. एक पेन्सिल, थोडे लक्ष, आणि चेंडू अडला त्या क्षणी मैदानाच्या त्या टोकाकडे वळलेली नजर.